ब्रेकमधली तार

तांड्यात पहिली फटफटी मी आणली, हे सांगताना मला अजून अभिमान वाटतो आणि सांगून झालं की लाज वाटते. साल चौसष्ट. ढाणकीपासून कोसभरावर आमचा बंजाऱ्यांचा तांडा. तिथल्या शाळेत मी, हरिसिंग मास्तर, दोन वर्षांपासून होतो आणि अजून कायम व्हायचा होतो. फटफटी जुनीच, पुसदहून घेतलेली. तिचा पुढचा ब्रेक नावालाच होता, सगळी भिस्त मागच्यावर. तो आदल्याच दिवशी ढाणकीच्या गुलाम नबीचाचांनी दुरुस्त करून दिला होता. फटफटीतलं कळणारा आसपास तेवढा एकच माणूस, त्यामुळे त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

शाळा सुटल्यावर उतारावरून येत होतो. नाल्याच्या वळणावर तांड्यातली जमनीकाकी डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन समोर आली. मी ब्रेक दाबला, तर पाय नुसताच खाली गेला. ओरडलो, हँडल वळवलं, तरी धक्का लागलाच. मोळी एकीकडे, काकी दुसरीकडे आणि मी बोरीच्या काट्यांत.

उठून पाहिलं तर तिचा डावा पाय नडगीपाशी वाकडा झालेला. ती रडत नव्हती, त्यानंच मी जास्त घाबरलो. तिच्याच मोळीतली दोन सरळ लाकडं काढली, पायाच्या दोन्ही अंगांना लावली आणि माझ्या दुपट्ट्यानं बांधली. ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं एवढं एकच माझ्या कामी आलं आहे. बांधताना काकी म्हणाली की मोळी कोणाला नेऊ देऊ नको. मला हसूही येईना.

तोवर तांड्याचे नायक धरमसिंग माणसं घेऊन आले. काकीला बैलबंडीत घालून ढाणकीच्या दवाखान्यात रवाना केलं. मीही बंडीत चढू लागलो, तर नायकांनी खांद्याला धरून उतरवलं.

"तू इथंच थांब. आता गेला तर पळाला म्हणतीन. अन् फटफटी पडली तशी राहू दे, जमादार येईपर्यंत."

मी थांबलो. काट्यांनी हात सोलले होते, पण दुखत नव्हतं. कोणी माझ्याशी बोलत नव्हतं, ते मात्र दुखत होतं.

जमादाराच्या आधी चाचाच पोचले. ढाणकीत बंडी पाहिली आणि सायकल काढली, असं नंतर कळलं. आले ते सरळ फटफटीकडे. मला लागलं का, काकी कशी आहे, एक शब्द नाही. मला संताप आला. इथं माणूस मोडलाय आणि हे लोखंड पाहतात! ते उकिडवे बसले, चाकाजवळून काहीतरी उचलून खिशात टाकलं, सुटलेली दांडी जागेवर बसवली. दुसऱ्या खिशातून बारीकशी पिन काढून घातली आणि पकडीनं तिची टोकं वाकवली. नायक हात लावू नका म्हणाले, तोवर त्यांचं काम झालंही होतं. पडल्यानं सुटलेलं काहीतरी त्यांनी बसवलं, असंच आम्हाला वाटलं.

मग पोलीस चौकीतून जमादार आले. दोन पंच घेतले, फटफटी उभी केली, उताराला लावून ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. पुन्हा दाबला, पुन्हा थांबलं.

"मास्तर, ब्रेक तर झकास हाय तुमचा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ब्रेक लागलाच नाही, हे मी नायकांना तीनदा सांगून बसलो होतो. केस झाली तर कायम होणं दूरच, होती ती नोकरीही जाणार होती. पण खरं सांगतो, त्या क्षणी नोकरीपेक्षा मला माझाच भरवसा वाटेना. पाय चुकून दुसरीकडे तर पडला नसेल? जमादार कागदावर 'भरधाव वेगाने' असं लिहू लागले. मी म्हटलं, लिहा, माझाच पाय चुकला असेल.

चाचा बाजूला उभे राहून चिंधीनं हात पुसत होते. हात कधीचे स्वच्छ झाले होते, तरी पुसत होते.

"जमादारसाहेब, जरा थांबा," ते म्हणाले.

ते पुन्हा फटफटीजवळ बसले. वाकवलेली टोकं सरळ केली, पिन ओढून काढली आणि दांडी सोडवली. मग हातानं पायडल दाबून दाखवलं. ते नुसतंच खाली गेलं. मघाशी खिशात टाकलेलं त्यांनी बाहेर काढलं. तो तारेचा तुटका तुकडा होता.

"काल पिन नव्हती माह्याजवळ, म्हणून म्या हे तार बांधली. मास्तरले सांगतलं नाही. पिन आज पुसदहून आली. इथं आलो, तार तुटलेली दिसली अन् हात चालले. काहून चालले, मलेच समजलं नाही."

जमादारांनी तार हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"हे लिहलं तर तुह्याकडं गाडी घेऊन कोण येईन?"

"लिहा," चाचा म्हणाले.

खाली त्यांनी उर्दूत सही केली आणि सायकल घेऊन दवाखान्याकडे गेले. तिथं दाराशी संध्याकाळपर्यंत बसून होते म्हणे.

माझ्यावर केस झाली नाही. चाचांना मात्र चौकीच्या खेपा घालाव्या लागल्या आणि दुकानात दोन महिने साधी सायकलही आली नाही. मीही गेलो नाही. राग होता, खोटं कशाला बोलू. फटफटी गोठ्यात पडून होती. काकी काठी टेकत चालू लागली, तेव्हा एकदा गोठ्यापाशी थांबून म्हणाली, "हे सडून राह्यली. तो बी तिकडं सडून राह्यला असंल."

बाजाराच्या दिवशी मी फटफटी ढकलत ढाणकीला नेली, मुद्दाम भर बाजारातून. चाचा रिकामे बसले होते. त्यांनी आधी काकीचा पाय कसा आहे ते विचारलं, मग फटफटीकडे पाहिलं.

"ब्रेक तूच पाहून घेजो, मास्तर. माह्या हातावर भरोसा ठेवू नको."

"मले त्यातलं काय समजते, चाचा? म्हणून तर तुमच्याकडं आणली."

डब्यातून नवी पिन काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. मी ती नीट पाहिली आणि बसवायला त्यांनाच परत दिली.