बिनदोरीचा गळवाला

म्याओ आजोबा मान वर करून चालत होते आणि समोरून येणारे लोक त्यांच्यावर आदळत होते. जरा खाली बघून चाला, असं मी दोनदा सांगितलं.

"खाली काय बघायचं?" ते म्हणाले. "फरशी काय, आमच्या घरीही आहे."

त्यांची नऊ वर्षांची नात याया त्यांचा कोपर धरून, होडी वळवावी तसं त्यांना गर्दीतून वळवत होती.

या बादशाही बागेत मी एकतीस वर्षं गाईडचं काम करते आहे. सकाळी पूर्वेच्या दरवाजाशी चहाचा थर्मास घेऊन उभी राहते आणि ज्यांना घोळक्यात फिरायचं नसतं त्यांना आत घेऊन जाते. कुणाला तलाव हवा असतो, कुणाला राजमातेच्या भानगडी. मुलं बरोबर असली की मला जास्त आवडतं. मोठी माणसं ऐकून पुढे जातात. मुलं शंका विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत.

म्याओ आजोबांनी आदल्या दिवशी फोनवर एवढंच विचारलं होतं, की तलावाकाठच्या लांब पडवीतली चित्रं तुला माहीत आहेत का. मी म्हटलं, खणाखणाने माहीत आहेत. मग दोघं पेइचिंगच्या पार पलीकडच्या टोकाहून, थोंगचौहून, दोन मेट्रो बदलून आले. तलाव नको, महाल नको. तुळयांवरच्या हजारो चित्रांमध्ये गळ टाकून बसलेला एक म्हातारा कुठे तरी आहे, तेवढा दाखव, असं त्यांचं म्हणणं.

असे म्हातारे आमच्या पडवीत पुष्कळ आहेत. मी चार दाखवले. प्रत्येक वेळी आजोबा डोळे बारीक करून, मान तिरकी करून बघायचे आणि यायाला विचारायचे. चौथ्याला ती म्हणाली, "हा नाही, मावशी. याच्या गळाला दोरी आहे."

तेव्हा मला उलगडलं. "मग आधी सांगायचं नाही का? तुम्हाला आळशी गळवाला पाहिजे."

तो पडवीच्या पश्चिम टोकाकडे आहे. विलोच्या झाडाखाली म्हातारा बसलेला, हातात काठी, आणि काठीला दोरीच नाही. मी त्यांना खाली उभं केलं आणि नेहमीची गोष्ट सांगितली. या माणसाची बायको फार बोलायची. म्हणून तो रोज काठी घेऊन निघायचा, दिवसभर शांत बसायचा आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगायचा, आज एकही मासा लागला नाही. या गोष्टीवर सगळे नवरे हमखास हसतात, आणि बायका त्यांच्याकडे बघतात.

आजोबा हसले. याया हसली नाही.

"असं नाहीये ते," ती म्हणाली. "खरं काय ते आजोबांना माहितीये."

आजोबा ओशाळले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी ही पडवी नव्याने रंगवली तेव्हा ते रंगाऱ्यांच्या तुकडीत होते. हा म्हातारा त्यांचा. विलो झाला, कपडे झाले, काठी झाली, फक्त दोरी राहिली होती, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्या दिवशी खानावळीत खिम्याच्या नूडल्स होत्या. शेवटी येणाऱ्यांच्या वाट्याला नुसत्या नूडल्स यायच्या. ते शिडीवरून धावत उतरले. जेवून येतात तो परांची पुढच्या खणात हलवलेली. संध्याकाळी तुकडीचे प्रमुख च्यू उस्ताद यांनी वर बघितलं आणि तसंच राहू दिलं. पण त्या दिवसापासून तुकडीत यांचं नाव बिनदोरीवाला पडलं.

"तेव्हा मी काही पोरगा नव्हतो," आजोबा म्हणाले. "तेहतीस वर्षांचा घोडा होतो."

रंगारी इथे नाव लिहीत नसत. त्यामुळे घरी ही गोष्ट कुणाला खरी वाटत नव्हती. यायाचे बाबा म्हणायचे, आजोबांनी रंगाचे डबे उचलले असतील. आजोबांकडे पुरावा एकच, तो म्हणजे ही चूक. आणि आता डॉक्टरांनी सांगितलं होतं, की नजरेचा मधला भाग जातो आहे. कडांनी दिसेल, पण समोरचं दिसणार नाही. वसंत ऋतूपर्यंत जेमतेम. म्हणून यायाबरोबर एकदा बघून घ्यायचं होतं.

ते बाजूने, कडेच्या नजरेने वर बघत होते. "रंग कसा टिकलाय बघ. पंचेचाळीस वर्षं. हिरवा तर कालच लावल्यासारखा."

मी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतत राहिले. बारा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात या खणाला परांची लागली होती. तीन तरुण रंगाऱ्यांनी जुना रंग खरवडून सगळं नव्याने रंगवलं होतं, आणि मी दोन महिने लोकांना बाजूच्या वाटेने नेत होते.

"मुली," आजोबा म्हणाले, "गाईड गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे. सांग."

एकतीस वर्षं मी लोकांना बऱ्याच गोष्टी बनवून सांगितल्या आहेत. ही मला बनवता आली नाही. जे झालं ते सांगितलं.

तलावाकाठच्या मंडपात निवृत्त माणसांचं मंडळ गात होतं. त्यांचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं. आजोबांनी चहा हातात धरला होता, प्यायले नाहीत.

"पण मग," याया वर बघत म्हणाली, "नव्या रंगाऱ्यांनी दोरी का नाही घातली?"

आजोबांनी तिच्याकडे मान वळवली. पेला माझ्या हातात दिला. तिला पाठमोरी उभी केली आणि तिच्या पाठीवर बोटाने काढून दाखवत समजावलं. जुन्या चित्रावर पातळ कागद धरायचा. रेघ न् रेघ उतरवून घ्यायची. त्या रेघांवरून सुईने बारीक भोकं पाडायची. मग नव्या जागी तो कागद लावून पांढऱ्या भुकटीची पुरचुंडी आपटत जायची. त्यांनी तिच्या पाठीवर मूठ हलकेच आपटली, थप थप थप, आणि ती गुदगुल्यांनी वाकडी झाली. भोकांतून ठिपके उतरतात, ते जोडायचे. आपल्या मनाचं काही घालायचं नाही. जे आहे तेवढंच.

"म्हणजे त्यांना दिसलं होतं, दोरी नाही ते?"

"दिसलं असणारच. गळाला दोरी नाही हे कुणालाही दिसतं. एखादा विचारायला गेला असेल, उस्ताद, घालू का? उस्ताद म्हणाले असतील, तुला कोणी विचारलं?"

आणि मग ते हसायला लागले. इतके, की त्यांना पडवीच्या कठड्यावर बसावं लागलं. "माझा विलो खरवडला," ते डोळे पुसत म्हणाले, "आणि चूक मात्र जपून ठेवली."

यायाने फोटो काढून बाबांना पाठवला. लगेच फोनवर बाबांचा आवाज आला, "बरं, मान्य. मग डबे कोण उचलत होतं?"

"सांग त्याला, डबेही मीच," आजोबा म्हणाले आणि माझ्या हातातला पेला घेऊन गार झालेला चहा एका दमात प्यायले.

यापुढे लोकांना कुठली गोष्ट सांगू, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, तुझीच सांग. माझ्या गोष्टीत नुसती जेवणाची घाई आहे.

बाहेर तलावाकाठी ऊन पडलं होतं. एक गृहस्थ रोजच्यासारखे काठीएवढा लांब कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं काढत होते. आजोबांनी त्यांच्याकडे कुंचला मागितला. त्यांनी तो पुढे केला. आजोबांनी खाली न बघता, दूर तलावाकडे बघत, पाण्याने आधी विलो काढला, मग म्हातारा, मग काठी. हात कुठेही अडला नाही. तिथे थांबून त्यांनी कुंचला यायाच्या हातात दिला.

तिने जीभ दातांत धरून काठीच्या टोकापासून खाली एक रेघ ओढली. जरा वाकडी आली.

आम्ही तिघं उभे राहून बघत होतो. विलो वाळला. म्हातारा वाळला. काठीही गेली. दोरी शेवटी काढलेली, ती फरशीवर अजून थोडा वेळ ओली होती.