मैनेला नापास करा

दवाखान्याच्या स्वयंपाकघरात सगळे तिला मावशी म्हणत. डॉक्टर म्हणत, भांडी घासणारे म्हणत, आणि एकदा तर वयाने तिच्या दुप्पट असलेल्या एका आजीबाईंनी खाटेवरून हाक मारली होती, "मावशी, सूप जरा गरम करून आण गं." मावशीनेही "आणते हो, बाळ" म्हणून उत्तर दिलं होतं आणि अख्खा वॉर्ड हसला होता.

मावशीचं काम म्हणाल तर सोपं आणि म्हणाल तर जिवावरचं. शेगडीवर दोन मोठी पातेली. एकात मीठ पडायचं, एकात पडायचं नाही. त्या दोन पातेल्यांच्या मधे मावशी देवाचं नाव घेत उभी राहायची, तोंडाने गाणं आणि हाताने डाव. गाणं थांबलं तर सूप करपतं, असं ती म्हणायची. तिच्या आईने तिला मांडीवर घेऊन जी देवाची गाणी ऐकवली होती, तीच तिने आपल्या मुलीला ऐकवली, आणि पोरीचा कान असा की एकदा ऐकलं की झालं, कडव्यामागून कडवं घडाघडा. गळाही गोड. म्हणून तिचं नाव पडलं मैना.

ही मैना यंदा शाळेतून सुटली होती. आणि यंदाचं सुटणं साधं नव्हतं. वरून नवा नियम आला होता: ज्याला एक पानभर मजकूर धड वाचता येतो आणि रोजच्या व्यवहाराचा हिशेब करता येतो, त्याचीच शाळा पुरी झाली असं धरायचं. तेवढ्यासाठी वेगळी परीक्षा. तिला म्हणत किमान पातळी. नियम आला तेव्हा अर्धी गल्ली कुरकुरली होती, पण मावशीने देवाचे आभार मानले होते. "बरं झालं. निदान पोरं कोरी तरी बाहेर पडायची नाहीत," असं ती नवऱ्याला म्हणाली होती. मैना पास झाली. तिच्या वडिलांनी दाखला चौकटीत घालून घड्याळाच्या शेजारी टांगला. ते विजेची कामं करत, त्यामुळे त्याच्यावर एक छोटा दिवाही लावून दिला. दाखला पाहून दवाखान्याने मैनेला ट्रे वाटायच्या कामावर घेतलं.

ट्रेवर कार्ड असायचं. हिरवं म्हणजे काहीही चालेल, पिवळं म्हणजे साखर नको, लाल म्हणजे मीठ नको. कार्डावर तसं लिहिलेलंही असायचं. मैना ट्रॉली ढकलत जायची, प्रत्येकाशी दोन शब्द बोलायची, कुणाला दोन ओळी गाऊनही दाखवायची. म्हातारी माणसं तिची वाट बघत.

मग एका सकाळी रंगीत कार्डं संपली. भांडारातून पांढरी आली, सगळी एकसारखी पांढरी, काळ्या अक्षरांत छापलेली.

त्या दुपारी कोपऱ्यातल्या खाटेवरच्या आजोबांनी सुपाचा पहिला घोट घेतला आणि खूश होऊन शेजारच्याला म्हणाले, "अहो, आज देवाला माझी दया आली. सुपाला चव आहे."

मोठी सिस्टर पलीकडच्या खाटेपाशी होती. ती तीरासारखी आली आणि तिने आजोबांच्या हातातली वाटी काढून घेतली. आजोबांची मूत्रपिंडं पार थकलेली. ती वाटी पुरी पोटात गेली असती तर रात्रीपर्यंत त्यांच्या छातीत पाणी भरलं असतं. आजोबा वाटीकडे बघत राहिले, लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यावं तसे.

मोठी सिस्टर ट्रे घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. "मावशी, हे कार्ड आणि हे सूप. तुमच्या पातेल्यात चूक झाली की तुमच्या मुलीची?"

मावशीने वाटीतलं सूप जिभेवर ठेवलं, मग मीठ न पडलेल्या पातेल्यातलं. पातेलं बरोबर होतं. ट्रे चुकला होता.

तिने मैनेला धान्याच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"गडबडीत झालं गं आई. ट्रॉली भरलेली होती."

"हे कार्ड वाच."

मैनेने कार्ड हातात घेतलं. पण तिने कार्डाकडे बघितलं नाही, आईच्या तोंडाकडे बघितलं. आईच्या ओठांवर उत्तर उमटतंय का, ते शोधत होती ती.

"माझ्याकडे नको बघू. कार्डाकडे बघ."

"साखर..." मैना म्हणाली, मग थांबली. "साखर नाही का?"

कार्डावर लिहिलं होतं, बिनमीठ.

घरी गेल्यावर मैना रडली नाही. ती रडली असती तर मावशीला बरं वाटलं असतं. वडिलांनी वर्तमानपत्र पुढे केलं. मैनेने बोट ठेवलं आणि एकेक अक्षर वेचून काढायला लागली, कुणी अंधारात सांडलेले मणी शोधावेत तसं. ओळ पुरी होईपर्यंत ओळीची सुरुवात विसरलेली.

"अक्षरं येतात मला," ती म्हणाली. "जोडायला गेलं की पळतात."

"मग परीक्षेत काय वाचलंस? पानभर वाचायचं होतं ना?"

"उतारे आधीच दिले होते. त्यातलाच एक येणार, असं सांगितलं होतं. बाई म्हणायच्या, आम्ही मागून म्हणायचो. पान हातात धरायचं आणि म्हणायचं. पान उलटायचं कधी, तेही बाईंनी सांगितलं होतं."

"आणि गणितं?"

मैना खाली बघून हळू आवाजात गायला लागली. चार पर्यायांतलं कुठलं अक्षर कुठल्या गणितापुढे लिहायचं, त्याचं गाणंच केलं होतं. क, अ, अ, ड, ब, पुन्हा क. चाल सुरेख होती. वडिलांना आधी हसू आलं, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मावशीला ती चाल ओळखीची वाटली. ऐन परीक्षेच्या दिवसांत मैना भांडी विसळताना हेच गायची. आणि मावशी, शेगडीपाशी उभी राहून, डाव फिरवत, त्यावर ताल धरायची. पोरगी किती मन लावून अभ्यास करतेय, म्हणून तिला तेव्हा भरून आलं होतं.

"बोलली का नाहीस?" तिचा आवाज चढला. "इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपतेस, तोंडाला काय कुलूप होतं?"

"सगळे पास म्हणाले ना. बाई म्हणाल्या, सर म्हणाले, तूही म्हणालीस." मैनेने पहिल्यांदाच वर बघितलं. "मला वाटलं, सगळ्यांचं वाचणं असंच असतं."

मावशीचा मुलीवरचा राग तिथेच उतरला. उतरला म्हणजे गेला नाही, फक्त त्याने घर बदललं. तिने उठून घड्याळाशेजारची चौकट काढली. छोटा दिवा तारेसकट लोंबत राहिला.

"अगं, हळू," नवरा म्हणाला. "फ्यूज जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली. "उजेड कशावर पाडत होतास, तेही बघितलं नाहीस. मीही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी शाळेत गेल्या. फाटकावर मोठा फलक होता: यंदाही सर्व विद्यार्थी उत्तीर्ण. मावशी फलकासमोर जरा थांबली. मैनेने विचारलं, "काय लिहिलंय?" मावशी म्हणाली, "तुझ्याबद्दलच लिहिलंय. चल."

मुख्याध्यापकांच्या टेबलावर काच होती आणि काच पुसायला फडकं होतं. त्यांनी चौकट बघितली आणि उठून हात जोडले. "अभिनंदन. ही आपली गाणारी मुलगी ना? काय पाठांतर तिचं."

"तेच सांगायला आलेय, सर. हिला नापास करा."

मुख्याध्यापक हसले. "पास करा म्हणून येतात लोक माझ्याकडे. रडतात, पाया पडतात. तुम्ही उलट्याच."

"सुलट्या आलेल्यांनी तुम्हाला जे विचारायला हवं होतं, ते मी विचारते. हिला वाचता येत नाही. तुम्ही लिहून दिलंय की येतं. खाली सही तुमची आहे."

"परीक्षकांसमोर वाचलंय तिने."

"म्हटलंय. वाचलं नाही. देवासमोर मीही पुष्कळ म्हणते, सर, पण ते मी वाचते असं मी कुणाला लिहून देत नाही."

त्यांनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेली काच पुसली. "हे बघा मावशी, निकाल एकदा लागला की लागला. मागे घेता येत नाही."

"मग वर्गात बसवा. वर्षभर बसेल. दवाखान्यात ती आता भाज्याच सोलेल, वाचता येईपर्यंत ट्रेला हात लावू देणार नाहीत. उरलेला वेळ इथे येईल."

"उत्तीर्ण विद्यार्थ्याला वर्गात बसवण्याची सोय नाही." मग ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणला, तो खरंच दमलेल्या माणसाचा होता. "टक्का घसरला की तुकडी बंद करतात. तुकडी गेली की शिक्षक जातात. मग उरलेल्यांना शिकवणार कोण? आणि शेवटी किमान पातळी म्हणजे किमान. प्रत्येकाला कुठे पंडित व्हायचंय? हिला तर ट्रेच उचलायचेत."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने आवाज चढवला नाही.

"ट्रे उचलायला हात लागतात, सर. कुणाच्या तोंडाशी न्यायचा, ते कळायला अक्षर लागतं. काल हिच्या हातून एक म्हातारा जाता जाता राहिला. तो गेला असता तर तुरुंगात कोण गेलं असतं? तुमची किमान पातळी? ही गेली असती. माझी पोरगी, जिने तुम्ही जे म्हणायला सांगितलं ते एक अक्षर न चुकता म्हटलं. तुम्ही हिला शाळेतून बाहेर काढलं नाहीत, उंबऱ्यावरून ढकललंत. आणि वर हाती कागद दिलात, म्हणजे पडली तर तिचीच चूक."

मुख्याध्यापक काही बोलणार, तेवढ्यात भिंतीपलीकडून पुढच्या वर्षी परीक्षेला बसणाऱ्या वर्गाचा आवाज आला. अख्खा वर्ग एका सुरात उतारा म्हणत होता. नदीचा उतारा होता. मैनेचे ओठ आपोआप हलायला लागले. हलता हलता ते थांबले. ती उठली आणि कुणाला न विचारता बाहेर गेली. मावशी तिच्यामागे, आणि मुख्याध्यापक मावशीच्या मागे.

वर्गात भाषेच्या बाई हात वर-खाली करून ताल देत होत्या. मैना सरळ आत गेली आणि पहिल्या बाकावरच्या मुलीपाशी थांबली. मुलगी पुस्तक छान धरून म्हणत होती, 'नदी डोंगरातून उतरते'. मैनेने मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं.

"हा शब्द कोणता गं?"

मुलगी थांबली. तिने पुस्तकाकडे बघितलं नाही. मैनेच्या तोंडाकडे बघितलं.

एकेक करून सगळा वर्ग गप्प झाला. मैनेने शेजारच्या मुलाच्या पुस्तकावर बोट ठेवलं. त्याने नदीच्या सुरुवातीपासून भराभरा म्हणायला घेतलं, बोटापाशी पोचायला. पोचला नाही.

बाई खुर्चीत बसल्या. "वाचायला शिकवायला वर्षं लागतात," त्या दारातल्या मुख्याध्यापकांकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही मला परीक्षेपुरतं सांगितलंत. मी परीक्षेपुरतं केलं. मैने, तुझ्याशी मी वाईट वागले."

"मला इथे बसू द्या," मैना म्हणाली आणि रिकाम्या बाकावर बसलीसुद्धा.

"हे नियमात बसत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"नियमात नसेल बसत," मावशी म्हणाली, "बाकावर बसतंय."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाई उठल्या. त्यांनी फळा पुसला, नदी पुसली. "काय लिहू?" त्यांनी मैनेला विचारलं.

"बिनमीठ," मैना म्हणाली.

बाईंनी लिहिलं. मैना एकटीच वाचायला लागली, आणि कुणी तिला पुढचं अक्षर सांगितलं नाही, बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं होतं. बि. न. इथे ती अडली, मागे गेली, पुन्हा आली. मी. मावशी दाराची चौकट धरून उभी होती आणि तिचे ओठ हलू नयेत म्हणून तिने ते दातांखाली धरले होते. ठ.

"बाई, हे परीक्षेत येणार नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"म्हणूनच लिहिलंय, सर," बाई वळून न बघता म्हणाल्या, आणि खाली दुसरा शब्द लिहायला घेतला.

मावशी कचेरीत परतली. मुख्याध्यापकांच्या पुसलेल्या काचेवर तिने चौकट पालथी ठेवली.

"हे असू द्या तुमच्याकडे," ती म्हणाली. "वाचता येईल तेव्हा ती स्वतः येईल, तुमच्यासमोर हा दाखला वाचून दाखवेल आणि घेऊन जाईल. तोवर हा खोटा आहे, आणि खोटं मी घरात टांगत नाही. उद्या तिला फाटकावर अडवलंत, तर मी अख्ख्या वर्गाच्या आयांना घेऊन येईन. त्यांना एवढंच सांगेन, घरी जाऊन पोरांच्या पुस्तकात मधेच बोट ठेवा."

मावशी उत्तरासाठी थांबली नाही, तिची पातेली खोळंबली होती.

दुपारी ट्रे तिने स्वतःच वाटले. राग अजून अंगात होता, वाटी ठेवताना तो हातात कळत होता. कोपऱ्यातल्या आजोबांनी घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"पुन्हा तेच पाणी. कालची मुलगी कुठे आहे? बरी होती ती."

"शाळेत गेलीय."

"शाळेत? तिची शाळा संपली म्हणाली होती मला."

मावशीने त्यांच्या ट्रेवरचं पांढरं कार्ड सरळ केलं.

"नाही, आजोबा," ती म्हणाली. "तिला तसं सांगितलं होतं."