पाटावरचा धडा

इयत्ता पहिलीच्या वाचनात लक्ष्मी पास झाली. पण त्या वर्षी तिची परीक्षा झालीच नाही. तेव्हा ही बातमी आपण ऐकलीच नाही असं धरून चालू. कारण इकडे लालबागच्या चाळीचा जिना चढून हवालदार तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभा होता.

"बाई, घोषणा बंद करा."

"घोषणा नाहीत हो, बाराखडी आहे," कालिंदीबाई म्हणाल्या.

"कसली बाराखडी? पोरं 'मु, मू' करतायत. पुढं काय येणार ते कळतं मला. तुम्ही 'मा'पाशीच थांबा ना!"

छप्पन सालचा जानेवारी. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं. कर्फ्यूमुळे शाळा बंद. कालिंदीबाई पहिलीच्या मास्तरीण. वर्गातली निम्मी पोरं समोरच्या चाळीत राहायची. म्हणून बाईंनी आपल्या गॅलरीतूनच वर्ग सुरू केला. मधे अरुंद गल्ली, पलीकडे तीन मजले भरून पोरं. वर्ग हवेशीर होता.

बाईंना घोर होता तो लक्ष्मीचा. पोर दोनदा नापास. धडा तोंडपाठ, पुस्तक उलटं धरलं तरी एक चूक नाही. नवीन काही आलं की शेजारणीच्या तोंडाकडे बघून म्हणायची, आणि सगळ्या गलक्यात तिचाच आवाज खणखणीत. तिचे वडील गणपत, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. ते लेकीबद्दल बजावून गेले होते, "बाई, औंदा चेडवाक वाचूक इला नाय, तर गावाक धाडतलंय. थंय ढोरां तरी राखतला."

हवालदाराने आवाज बंद करायला लावला, तेव्हा बाईंनी जेवायचा पाट उभा धरला आणि त्यावर खडूने ठसठशीत लिहिलं : कान धरा. समोरच्या तिन्ही मजल्यांनी कान धरले. खाली हवालदार बुचकळ्यात पडला. कान धरायला बंदी असल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

लक्ष्मीने जरा उशिरा धरले. आजूबाजूला बघून.

संध्याकाळी कर्फ्यू थोडा वेळ उठला, तशा बाई समोरच्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या. लक्ष्मीच्या आईला म्हणाल्या, "शेवंती, उद्या हिच्या दोन्ही बाजूंना लुगडी वाळत घाल. शेजारचं दिसता कामा नये."

"ओली नाय आसत, बाई."

"मग कोरडीच वाळत घाल. आणि तू गं लक्ष्मे, फक्त पाटाकडे बघायचं. मी खुणा केल्या तरी बघायच्या नाहीत."

"तुमी सांगलात तर?"

"सांगितलं तरी ऐकायचं नाही. स्वतः वाचायचं."

"बरां."

दुसऱ्या दिवशी वर्ग रंगात आला असताना नाक्याकडून आरडाओरडा आणि धावाधाव ऐकू आली. बाईंनी पाट पुसला, घाईने लिहिलं : आत जा.

पोरं पटापट आत पळाली. दोन लुगड्यांच्या मधे लक्ष्मी एकटी उभी राहिली, बोटाने हवेत अक्षरं गिरवत. बाई जोरजोरात हात हलवू लागल्या. लक्ष्मीने मान हलवली : सांगू नका. बाई ओरडल्या. गल्लीत पोलिसांची लॉरी शिरली होती. त्यात त्यांचा आवाज किती पोचला कोण जाणे, पण लक्ष्मीने शहाण्यासारखे दोन्ही कान झाकून घेतले.

मग तिचे ओठ हलले. आ. त. जा.

ती हसली. वळली. दाराकडे एक पाऊल टाकलं.

गोळी हवेत झाडली होती, असं नंतर कळवण्यात आलं. तिसरा मजला हवेतच होता.

दिवसवार उरकल्यावर गणपत बाईंच्या दारात येऊन उभे राहिले.

"बाई, तेका वाचूक इला काय?"

"आलं."

"मगे गावाक नको," गणपत म्हणाले. "हयच रवांदे."

एप्रिलात पटावर लक्ष्मीच्या नावापुढे 'गैरहजर' असा शेरा पडला. त्याच दिवशी बाईंनी शिक्षणखात्याला अर्ज केला :

"सदर विद्यार्थिनीने पूर्वी न पाहिलेला मजकूर कोणाच्याही मदतीविना वाचला व त्याप्रमाणे कृती करण्यास सुरुवात केली, हे मी समक्ष पाहिले आहे. कृती पूर्ण न झाल्याबद्दल गुण कापू नयेत. तरी तिला उत्तीर्ण समजून जूनपासून इयत्ता दुसरीत बसवण्यात यावे, ही नम्र विनंती."