जोयाने लपवलेली खूण

लडकूमामाची बकरी सकाळपासून भिंतीवर डोकं आपटत होती. दुपारी तिच्या तोंडाला फेस आला. लडकूमामाने पाण्याची बादली पुढे केली, पण घशाखाली एक घोट उतरेना. पाय झाडत ती गल्लीतच कोसळली.

"ईद झाली तवा त्या पांढऱ्या कुत्र्यानं धरली व्हती हिला," लडकूमामा म्हणाला. "त्यो कुत्रा पन असाच मेला, गटाराकडं."

शेलार गावातल्या त्या गल्लीत लूमच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या, खडखडाटात मोठ्याने बोलल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू गेलं. दारात उभ्या असलेल्या जैनबलाही. तिच्या शेजारी तिची सात वर्षांची जोया उभी होती. जोयाने खाली वाकून सलवारचा एक पाय घोट्यापर्यंत ओढून घेतला. जैनबने ते पाहिलं.

तिने जोयाला आत नेलं, सलवार वर केली. पोटरीवर दातांचे व्रण होते, काळसर, बुजत आलेले.

"कुत्रा चावला तुला?"

जोयाने सलवार पुन्हा खाली ओढली.

"कवा? सांगितलंस का नाय?"

"सुई दिली असती तुम्ही."

गेल्या वर्षी जोयाला टायफॉइड झाला होता. नुसतं तपासायला जायचंय असं सांगून तिला दवाखान्यात नेलं होतं. तिथे तिच्या अब्बांनी पाय धरले, चाचांनी हात धरले, जैनबने स्वतः डोकं दाबून धरलं. शीर सापडेना, सुई पुन्हा पुन्हा टोचली गेली. त्यानंतर कितीतरी दिवस पोर झोपेत ओरडत उठायची. दवाखान्याच्या गल्लीतून ती आजही जात नसे.

निरोप मिळताच जोयाचा बाप अब्दुर्रहमान लूमवरून धावतच आला. अंगावर कापसाचे तंतू तसेच होते. खूण बघून त्याचा चेहरा उतरला.

"आइस्क्रीम खायला चाललोय म्हणून सांग तिला," तो हळूच म्हणाला.

जैनब हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. तिने जोयाला उचललं आणि तिघं रिक्षात बसली.

सरकारी दवाखान्याचं फाटक दिसताच जोयाला कळलं. ती अंग ताठ करून किंचाळली. अब्दुर्रहमान तिला उचलायला गेला, तर तिने त्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला. रांगेतली माणसं मागे सरली. एका बाईने आपलं पोर पदराआड घेतलं. "पोरीला लागला काय तो रोग?" कुणीतरी म्हणालं. अब्दुर्रहमान मनगटावर उमटलेले दात बघत उभा राहिला. दुखत असल्याचं त्याच्या ध्यानातही नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी जोयाच्या हातात पाण्याचा पेला दिला. हुंदके देत, सांडत, पण ती सगळं पाणी प्यायली.

"ही घाबरलीय, आजारी नाही," डॉक्टर म्हणाले. "पण रेबीजची लस आजच्या आज द्यायची. उशीर झालाय."

दोन वॉर्डबॉय पुढे झाले. तेवढ्यात संघरत्ना सिस्टर मधे आली. लसीकरणाच्या खोलीचं काम तिच्याकडे होतं.

"कुणी धरू नका तिला. डॉक्टर, मला थोडा वेळ द्या."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "अर्धा तास घ्या. इतके दिवस गेलेत, त्यात अर्ध्या तासाने फरक पडत नाही."

संघरत्ना जोयासमोर फरशीवर बसली.

"जोया, तुला सुया टोचणार आहे. खोटं सांगत नाही."

जोयाने रडणं थांबवून तिच्याकडे पाहिलं.

"दंडावर मलम लावते, तिथे फार कळणार नाही. पायावर चावलेल्या जागेभोवती दुसरं औषध खोल द्यायचंय, त्याला मलम पुरत नाही. तिथे दुखेल. पण मी सावकाश देईन, आणि टोचायच्या आधी दर वेळी सांगेन. अम्मीच्या मांडीवर बसायचं की खुर्चीत?"

"अम्मीच्या."

"कुठला दंड?"

जोयाने डावा दंड दाखवला.

मलम मुरेपर्यंत सगळी तशीच बसून राहिली. मग संघरत्नाने अब्दुर्रहमानच्या सदऱ्यावरचा कापसाचा एक पुंजका उचलून जोयासमोर हवेत सोडला. "हा खाली पडू द्यायचा नाही. फुंकर मार. जोरात नको, लांब."

जोया जैनबच्या छातीला टेकून फुंकत राहिली. दंडावर सुई गेली तेव्हा तिने नुसते डोळे मिचकावले. पोटरीत व्रणांभोवती सुई फिरली तेव्हा मात्र ती ओरडली, जैनबच्या ओढणीचा पदर तिने दातांत धरला. "आता औषध संपेपर्यंत सुई काढत नाही. अजून थोडं," संघरत्ना म्हणाली. तिने सांगितलं तेवढ्यातच ते संपलं. कुणीही जोयाला धरलं नव्हतं.

जोयाने डोळे पुसले.

"अमरीनला पण असंच कराल?"

"अमरीनला कशाला?" जैनबने विचारलं.

"ती पडली होती ना, तेव्हा तो कुत्रा तिच्या डोक्याला चावला. केसात. आम्ही दोघींनी शपथ घेतली, कुणाला सांगायचं नाही."

संघरत्नाच्या हातातला कापूस खाली पडला. जोयाची मैत्रीण अमरीन तिच्याच गल्लीत, मागच्या खोलीत राहायची. तिचा बाप लूमवर रात्रपाळी करायचा. कालपासून ती खेळायला आली नव्हती.

संघरत्ना आणि जैनब तडक तिकडे गेल्या. दार लोटलेलं होतं. आत पंखा बंद, आणि उकाड्याने जीव जाईल अशी खोली.

"बुखार है," अमरीनची आई म्हणाली. "पंखा नको म्हणते. वारा लागला की घाबरते. सकाळपासून चहा पण घेतला नाय. घशात दुखतं म्हणते."

कोपऱ्यातून अमरीनने त्यांच्याकडे पाहिलं. संघरत्नाच्या अंगावरचे दवाखान्याचे कपडे दिसताच तिने दोन्ही हातांनी केस झाकून घेतले.

संघरत्नाने अँब्युलन्स बोलावली. मोठ्या हॉस्पिटलपर्यंत ती अमरीनबरोबर गेली. तिथल्या डॉक्टरांनी बापाला बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं: चावा डोक्याला होता, रोग लवकर मेंदूत पोचलाय, आता इलाज नाही. आता करण्यासारखं एकच होतं, पोरीला त्रास कमी व्हावा आणि ती शांत झोपावी. त्या औषधासाठीही सुई लागणारच होती. संघरत्नाने तिथल्या सिस्टरला विनंती केली, आधी मलम लावा, आईला जवळ बसू द्या. त्यांनी दिवे मंद केले, आईला हातमोजे घालून लेकीमागे बसवलं. अमरीन रडली, पण आईच्या कुशीत रडली. मग ती झोपली. दोन दिवसांनी गेली.

पुढच्या डोससाठी जोया आली तेव्हा तिला ते कळलेलं होतं.

"अमरीनला दुखलं?"

संघरत्नाने जैनबकडे पाहिलं. जैनबने मान खाली घातली.

"आधी दुखलं," संघरत्ना म्हणाली. "मग औषधाने झोप लागली. अम्मी तिच्याजवळच होती."

"मला पण होणार?"

"होणार नाही असं आम्हाला वाटतं. पण नक्की कळायला वेळ लागेल."

जोयाने दंड पुढे केला नाही, की ओढूनही घेतला नाही. संघरत्ना थांबून राहिली. शेवटी जोया म्हणाली, "आता द्या."

सगळे डोस पुरे झाले. त्यानंतरचा पावसाळा जैनबने धास्तीत काढला. पोर शिंकली तरी ती हातातलं काम टाकून धावायची, कपाळाला हात लावून बघायची. अब्दुर्रहमान ड्युटीवरून फोन करून फक्त एवढंच विचारायचा, "जेवली?" जोयाला काही झालं नाही. पण तिने कुणाबरोबरही खेळणं सोडलं ते सोडलंच.

अमरीनचे आईबाप खोली सोडून मुलखाला निघून गेले. तिथे दुसरे भाडेकरू आले, त्यांची तीन लहान मुलं आहेत. लूमच्या शेडमागे एक कुत्री व्यालीय. संध्याकाळी ती मुलं तिच्या पिल्लांना चपातीचे तुकडे घालायला जातात, आणि जोया खिडकीत उभी राहून त्यांचे हात-पाय निरखत असते.