बुधवारचा उपास

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे, ॲल्युमिनियमचा. माझ्या पोटात पन्नास माणसांची खिचडी आरामात शिजते. ही फुशारकी वाटली तर वाटू द्या, माझी हरकत नाही.

कल्याणच्या बाजारातून मला शहापूरच्या एका संस्थेने आणलं. वाड्या-पाड्यांवरच्या मुलींची शाळा सुटू नये म्हणून ही संस्था काम करते. शिबिर किन्हवलीला असो की उंबरमाळीला, जीपमध्ये आधी मी चढायचो, मग माणसं. पोरी बोटं चाटत विचारायच्या, "अजून हाय का गो?" तेव्हा मला काय वाटायचं म्हणून सांगू! अंगाला काजळी लागायची, पोचे पडायचे, पण त्याचं काही नाही.

मग देणगीदारांकडून पैसे यायचे थांबले. शिबिरं बंद पडली. मला ऑफिसात टेबलाखाली पालथं घातलं आणि माझ्यावर रद्दी रचली. टोपावर रद्दी! फार राग आला मला.

तिथून मला सगळ्यांची दुपारची जेवणं दिसत. रेश्माताई ही संस्थेची कार्यकर्ती. तिचा डबा येईनासा झाला. "आज माझा उपास हाय," असं म्हणून ती पाणी प्यायची. सोमवारी म्हणाली, गुरुवारी म्हणाली, इथवर ठीक होतं. पुढे तिचा उपास रोजचाच झाला. जीप चालवणारे कुंडलिककाकाही तेच म्हणू लागले. चार महिने पगार झाला नव्हता. लोकांना हक्काचं मागायला शिकवणारी ही माणसं, पण स्वतःची अडचण कुणाला सांगेनात. रेश्माताईने तर वाशिंदच्या एका गोदामात नोकरी पाहिली. सोमवारपासून जायचं होतं. ती गेली की वाडीवरच्या पोरींना शाळेत धाडणारं कुणी उरणार नव्हतं.

त्याच आठवड्यात, बुधवारी, मुरबाडच्या दुसऱ्या एका संस्थेचा शेखरदादा बैठकीला आला. वाडीवरची सकुबाईही दाखल्याच्या कामाला आली होती. तिची नात रेश्माताईमुळेच दहावीपर्यंत पोचली होती. दुपारी तिने फडक्यातली भाकरी सोडली आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं.

"माझा उपास हाय," रेश्माताई म्हणाली.

"माझा पन," कुंडलिककाका म्हणाले.

"मला पण नको मावशी, उपास आहे," शेखरदादा म्हणाला.

सकुबाई बघतच राहिली. "बुधवारचा? कंचा देव गो तुमचा?"

शेवटी शेखरदादाच हसला. "देव नाय मावशी, पगार नाय."

म्हणजे मुरबाडलाही तीच गत! दोन्हीकडच्यांना वाटत होतं, कडकी फक्त आपल्याच संस्थेत आहे. सकुबाईने रद्दी खाली ढकलली आणि मला सरळ केलं. "एवढा टोप हाय आन् मानसं उपाशी!" लेकीकडे न्यायचे तांदूळ तिने माझ्यात ओतले. कितीतरी महिन्यांनी मी आगीवर चढलो. काय बरं वाटलं!

जेवताना बोलणं झालं. दोन्ही संस्थांनी मिळून एकच जीप ठेवायची, शिबिरं एकत्र घ्यायची, देणगीदारांकडेही एकत्र जायचं. वाचलेले पैसे सामायिक निधीत टाकायचे आणि ज्याचा पगार अडेल त्याला त्यातून द्यायचे. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडच्या प्रमुखांना सांगितलं, तर त्यांना हे आधी पटेना. "संस्थेचं नाव खराब होईल," ते म्हणाले.

"मानसंच नाय रायली तर नाव लावणार कुठं?" कुंडलिककाकांनी विचारलं. तेव्हा कुठे ते नरमले आणि पहिली रक्कम त्यांनी स्वतःच्या खिशातून घातली.

शनिवारी शेखरदादाने त्या पैशांचं पाकीट रेश्माताईपुढे धरलं. तिने हात मागे घेतला. "नको दादा. वाडीवर कळलं तर काय म्हणतील?"

दाखला न्यायला आलेली सकुबाई दारातच होती. ती म्हणाली, "रेशन घ्यायला आमी लाजायचो, तवा तूच वरडायचीस ना, हक्काचं घ्यायला लाज कसली? मग तुला काय हक्क नाय का गो?"

रेश्माताई रडली. मी तिला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. मग तिने डोळे पुसले, पाकीट घेतलं आणि वाशिंदला फोन लावला. "सोमवारपासून मी येत नाय," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही गावात अशा ताई आणि असे दादा असतील. कार्यक्रमात तुम्ही त्यांना हार घालता, टाळ्या वाजवता. जरूर वाजवा. पण त्यांच्या घरी आज काय शिजलं, हेही कधीतरी विचारा. हाराने पोट भरत नाही, हे काय एका टोपाने सांगायला हवं?