तांदळाचा मांडा

वैशाखातली सकाळ गिरणेच्या कोरड्या वाळूवर उतरली तेव्हा केशरी होती. गावाच्या वेशीशी येईस्तोवर ती पिवळी झाली, आणि अंगणात पाऊल टाकताना पांढरीशुभ्र. कडुनिंबांच्या गर्द, गार सावल्यांत झोके बांधून झाले होते. आखाजी एका दिवसावर आली होती.

त्या काळी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सगळ्या खानदेशात लेकींचा सण. सासरच्या धूळभरल्या वाटांवरून लेकी माहेरी येत. अंगणाअंगणात चुलीवर मातीचं खापर पालथं पडे, घागरीच्या पोटासारखं गोल, निखाऱ्यासारखं तापलेलं. बायका पुरण भरलेली ओली, लवचीक कणीक दोन्ही हातांवर झुलवत, ताणत, पदराएवढी करत आणि अलगद त्या खापरावर पसरत. तो मांडा. मग निंबाखाली एकाच परातीभोवती साऱ्या पोरी बसत. मांडा आणि आमरस, आमरस आणि हसू.

द्वारकाच्या नलूला त्या परातीशी जागा नव्हती.

नलू नऊ वर्षांची. गव्हाचा कणही तिच्या पोटाला सोसत नसे. डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून द्वारकाच्या चुलीनं गव्हाशी वैर धरलं आणि बाकी साऱ्या धान्यांशी मैत्री जोडली. द्वारका दवाखान्यातली नर्स. सहा गावं, एक सायकल, मागे लसीची पेटी. पेटीत बर्फ वितळे आणि मनात पाककृती शिजत. एका गावातून ती धिरड्याची रीत आणी, दुसऱ्यातून लाडवाची. गहू काढी, ज्वारी घाली, वरी घाली, चुके, पुन्हा करी. अंगावरचा गणवेश न बदलता ती चुलीपुढे बसे, आणि दिवसभराचा शीण फोडणीच्या पहिल्या तडतडीत उडून जाई.

पण मांडा कशाचा करणार? मांड्याचा जीवच गव्हाच्या त्या ताणात, त्या चिवट तंतूत.

गेल्या आखाजीला नलूनं मैत्रिणीच्या हातातला एक तुकडा चोरून गिळला होता. महिनाभर ती अंथरुणावर सुकत राहिली, कापलेल्या वेलीसारखी.

"माय, उद्या मी झोक्यावर नाही जायची," यंदा, सणाच्या आदल्या सकाळी, वेणी घालून घेता घेता ती म्हणाली.

"का गं?"

"तिथं मांडे असतात. माझा हात जातो."

द्वारकाचा वेणीतला हात थांबला. लेक रडत नव्हती, हट्ट करत नव्हती. नऊ वर्षांची पोर सणाच्या वाटेवरून आपली आपण बाजूला होत होती.

द्वारकानं पदर खोचला. ज्वारीचं पीठ मळलं. ते हातावर घेताच भेगाळलं, उन्हाळ्यातल्या शेतासारखं. मग तांदळाच्या पिठीची उकड काढली, मऊ, लोण्यासारखी. तिच्या सासूबाई भागाबाई पोळपाट घेऊन पुढे सरसावल्या. चाळीस आखाज्यांचे मांडे ज्या हातांनी केले, त्या हातांनी उकड लाटली, आणि काय नवल, ती फाटली नाही! पातळ, गोल, चंद्रासारखी झाली.

"पाह्य द्वारके! कशी सरसर लाटाई ऱ्हायनी!"

द्वारकानं पाहिलं. सासूबाईंच्या उजव्या हाताशी पिठाची वाटी होती. लाटताना चिकटू नये म्हणून भुरभुरायची पिठी. गव्हाच्या कणकेची.

भागाबाईंनीही वाटीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा विझला.

"मन्हा हातले काय कळस, माय," त्या पुटपुटल्या. "हात आपला चालतच ऱ्हास."

"हाताला सवय आहे. तुमचा काय दोष?" द्वारका हलकेच म्हणाली. तो पांढरा चंद्र तिनं गाईपुढे ठेवला, आणि सायकल काढून कामावर निघाली. गावं वाट पाहत होती.

दुपारी, शेवटच्या गावात, एक तान्हं बाळ तापानं फणफणलं होतं. द्वारकानं तलम फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, कपाळावरून अलगद ओढून घेतलं. तप्त त्वचेवर पाण्याचा पातळ, झिळमिळता थर उमटला आणि पाहता पाहता सुकला. तिनं पुन्हा फडकं ओढलं. पुन्हा थर. बाळ शांतावलं, निजलं. आणि द्वारका त्या फडक्याकडे अशी बघत राहिली, जणू कुणी तिच्या हाती दिवा दिला होता.

लाटायचं कशाला? ताणायचं तरी कशाला?

घरी येताच तिनं खिरीसाठी भिजवलेले तांदूळ धुतलेल्या पाट्यावर वाटले, दुधासारखे पातळ केले. जुन्या खापराच्या रंध्रारंध्रांत गहू मुरलेला. म्हणून कुंभारवाड्यातून नवं खापर आलं. भागाबाईंनी कणकेचा डबा शेजारी नेऊन ठेवला, लुगडं बदललं, कोपरापर्यंत हात धुतले आणि विचारलं, "आते बसू का तुन्हा जवळ?"

"बसा ना. तुमच्याशिवाय जाळ कोण सांभाळणार?"

तापल्या खापरावरून द्वारकानं तांदळाच्या त्या दुधात बुडवलेलं कोरं फडकं एकदाच फिरवलं. चर्रर्र! एक शुभ्र, पारदर्शी पापुद्रा उमटला, कडांनी सुटला. पहिला कुरकुरून मोडला. दुसऱ्यावर तुपाचा हात फिरवला. तो नरमला, वळला, पुरणाभोवती मिटला. तांदळाचा मांडा!

आखाजीला नलू आपली वेगळी थाळी घेऊन निंबाखाली गेली. पण बसली साऱ्यांच्या मधोमध.

"हे काय गं? कागद खातेस का?" एकीनं चिडवलं.

"खाऊन तर बघ. पण मीच देईन हं, माझ्या थाळीला हात नाही लावायचा."

तिनं साऱ्यांच्या हातांवर वरून एकेक तुकडा सोडला. लगेच गलका: "मला! मला पण!"

अंगणात भागाबाई दुसऱ्या घाण्याला बसल्या. द्वारका कामाला निघालेली, सायकलचा दांडा धरून उभी. तेवढ्यात नदीकडून वाऱ्याची झुळूक आली, आणि खापरावरून नुकता सुटलेला एक पापुद्रा म्हातारीच्या बोटांतून निसटून वर गेला. शुभ्र, हलका, उन्हानं आरपार. पोरी ओरडत मागे धावल्या. सगळ्यांच्या पुढे नलू, दोन्ही हात उंच पसरून. तो तरंगला, झुकला, गिरकी घेत खाली आला, खाली, आणखी खाली, आणि तिच्या उघड्या तळव्यांवर टेकला. ऊबदार. अखंड. तिचा.