हिमनदीच्या तोंडाशी

"मॅडम, बर्फ कुठाय?" आश्रुबानं विचारलं.

दगडगोट्यांचा उंच बांध चढून तो नुकताच वर आला होता आणि त्याला धाप लागली होती. समोर राखाडी पाण्याचं तळं पसरलं होतं. तळ्यापलीकडे मातकट, काळपट कडा उभा होता. बर्फ म्हणावा असं पांढरं काहीच त्याला दिसेना.

"तो कडा म्हणजेच बर्फ, काका," स्वप्ना मॅडम म्हणाल्या. "दगडमातीनं मळलाय एवढंच. तिथून वर त्या दोन शिखरांपर्यंत सगळी हिमनदी आहे."

आश्रुबाची नजर कड्यावरून वर गेली, आणखी वर गेली. मळका रंग हळूहळू पांढरा होत होता आणि पार आभाळाला टेकत होता. मान इतकी मागं गेली की डोक्यावरची टोपी पडली. मागून येणाऱ्या भारतनं ती उचलून त्याच्या हातात दिली, तरी त्याचं लक्ष नव्हतं.

उमापूरचा आश्रुबा पाइप जोडायचं काम करायचा. गेवराई तालुक्यात विहिरीपासून शेतापर्यंत जमिनीखालून काळ्या पाइपा जातात, त्यांचे जोड मारण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. दोन पाइपांची तोंडं तापल्या तव्याला टेकवायची, मऊ झाली की एकमेकांवर दाबून धरायची. पुतण्या भारत जोडीला असायचा. बीडच्या ज्या ठेकेदाराकडे ते दोघं जात, त्याला हिमाचलातलं हे काम मिळालं. हिमनदी मागं हटत गेली आणि तिनंच पूर्वी ढकलून आणलेल्या दगडमातीच्या बांधामागं पाणी साठत गेलं. तो बांध फुटला तर खालचं गाव उरणार नव्हतं. म्हणून बांधावरून पाइप टाकून तळं हळूहळू खाली करायचं होतं.

मॅडम मूळच्या नांदेडच्या. या हिमनदीचा अभ्यास करायला त्या दर उन्हाळ्यात इथं येत. आपली भाषा बोलणारं माणूस इतक्या लांब भेटलं, याचाच आश्रुबाला मोठा आधार वाटला होता.

दुसऱ्या दिवशी पाइपा घेऊन येणारी खेचरं वाटेत अडकली. मॅडम मोजणीसाठी वर निघाल्या होत्या. "येता का?" त्यांनी विचारलं. बुटांना लोखंडी काटे बांधून काका-पुतणे त्यांच्या मागं निघाले.

वर गेल्यावर बर्फ स्वच्छ झाला. पायांखाली जागोजागी पाणी खळखळत होतं. एका भेगेशी मॅडमनी त्यांना थांबवलं. आश्रुबा पोटावर झोपला आणि आत डोकावला. आत निळं होतं. वरच्या बाजूला फिकट, मग गडद आणि मग इतकं गडद की नजर पोचेना. तो बराच वेळ तसाच पडून राहिला.

"तात्या, उठा की," भारत म्हणाला.

"थांब रं." मग मान वळवून त्यानं मॅडमना विचारलं, "येवढं आलं कुठून हे?"

"वर हिवाळ्यात हिम पडतं. उन्हाळ्यात सगळं वितळत नाही. पुढच्या वर्षीचं त्याच्यावर पडतं, त्याच्या पुढचं त्याच्यावर. वरच्या ओझ्यानं खालचं दबतं, त्यातली हवा निघून जाते आणि त्याचा असा घट्ट बर्फ होतो. मग तो आपल्याच भारानं उताराला सरकायला लागतो."

"म्हंजी हे चालतंय?"

"चालतं. डोळ्यांना दिसत नाही इतकं हळू."

आश्रुबा एकदम उठून बसला आणि त्यानं पायांखाली पाहिलं. मॅडम हसल्या. दरीच्या दोन्ही अंगांच्या खडकांवर त्यांनी लाल रंगाच्या खुणा केल्या होत्या. गेल्या वर्षी या खुणेपासून त्या खुणेपर्यंत, सरळ रेषेत, त्यांनी बर्फाला भोकं पाडून बांबू रोवले होते. आता ती रेषा सरळ नव्हती. कडेचे बांबू थोडेच हलले होते, मधले पार खाली आले होते. सगळी रांग धनुष्यासारखी वाकली होती.

आश्रुबा एका लाल खुणेकडून दुसरीकडे बघत राहिला. शेवटी त्याला पटलं. तो उभा होता ती सगळी जमीनच प्रवासाला निघाली होती.

"ह्ये बांबू येवढे उंच कावून रोवले मॅडम?" भारतनं विचारलं. त्याच्या जवळचा बांबू त्याच्या डोक्याच्याही वर गेला होता.

"उंच नव्हते. टोक तेवढं बाहेर ठेवलं होतं."

दोघांनाही ते समजायला थोडा वेळ लागला. मग आश्रुबानं बांबूवरून खालपासून वरपर्यंत हात फिरवला. "येवढा गेला? एका सालात?"

"हो. वरून जेवढं येतं त्यापेक्षा खाली जास्त वितळतंय. पूर्वी दोन्हीचा मेळ बसायचा. आता उन्हाळा तापतो आणि वर हिमही धड पडत नाही. बर्फ पुढेच चालतोय काका, पण चालतो त्याहून जास्त वितळतोय. म्हणून त्याचं तोंड मागे मागे जातं."



खेचरं आली आणि काम सुरू झालं. खेचरांचा मालक छेरिंग खालच्याच गावचा होता. त्याचं घर नदीला लागून होतं. वारा असा सुटायचा की तापलेला तवा जोड मारायच्या आधीच गार व्हायचा. मॅडमच्या सांगण्यावरून त्यांनी जोडाभोवती तंबूचं कापड धरलं आणि एकेक पाइप जोडत बांधावरून पलीकडं नेली.

पाइपेचं तळ्यातलं तोंड बसवायचं होतं त्या दिवशी भारत गुडघाभर पाण्यात उभा होता. समोरच्या कड्यातून तोफेसारखा आवाज झाला. घराएवढा तुकडा सुटला, सावकाश कलला आणि पाण्यात गेला. तळं उचललं गेलं.

"भारत, माघारी," आश्रुबा ओरडला आणि तसाच पुढं धावला. लाट पोचली तेव्हा त्याच्या मुठीत भारतची कॉलर होती. दुसऱ्या हातानं त्यानं दगड धरला होता. पाणी दोघांच्या डोक्यांवरून गेलं आणि ओढ घेत परतलं. छेरिंगनं दोघांना वर खेचलं. काठावरची पाइप उखडून तळ्यात गेली होती. बांध मात्र जागचा हलला नव्हता.

भारतचे दात वाजत होते. "आपल्या गावात पान्यासाठी मरत्यात तात्या," तो म्हणाला, "मी पान्यात मरनार हुतो."

आश्रुबानं त्याची कॉलर अजून सोडली नव्हती. आश्रुबाची मोठी बहीण कौसल्या, तो लहान असताना, आटलेल्या विहिरीत तांब्यानं पाणी भरायला उतरली होती. वरची दरड ढासळली आणि ती तिथंच राहिली. तेव्हापासून सांडलेलं पाणीही तो फडक्यानं टिपून झाडाला पिळायचा, आणि मंजुळाबाई, त्याची बायको, त्याबद्दल त्याला कधी हसली नव्हती.

जोड पुन्हा मारले गेले. पाइपेची दोन्ही तोंडं बंद करून ती पाण्यानं भरली, म्हणजे खाली पडणारं पाणी तळ्यातलं पाणी बांधावरून ओढून आणेल. तळ्यातलं तोंड आधी उघडलं. बांधाखालच्या टोकाची चावी फिरवायला मॅडमनी आश्रुबाला सांगितलं. त्यानं चावीवर हात ठेवला आणि तो थांबला.

"काय झालं काका?"

"मॅडम, जल्मभर पानी आनायसाठी पाइपा जोडल्या. सोडून द्यायला कदी जोडली न्हाई."

मॅडमनी घाई केली नाही. खाली दरीत छेरिंगच्या गावाची छपरं दिसत होती. वाटाण्याच्या हिरव्या शेतात कुणी बाई वाकून काम करत होती. आश्रुबानं तिच्याकडे पाहिलं आणि चावी फिरवली.

आधी हवेची फुरफुर झाली. मग पाणी दांडक्यासारखं सरळ बाहेर आलं, दगडांवर आपटलं आणि नदीच्या वाटेला लागलं. छेरिंगनं खाली बसून त्यात दोन्ही हात धरले. पुढं आठ-दहा दिवसांनी तळ्याच्या काठावर ओल्या मातीचा पट्टा उघडा पडला. खालच्या माणसांना या उन्हाळ्यापुरती झोप मिळाली. पुढच्या वर्षी आणखी पाइप लागेल, मॅडम म्हणाल्या.

निघायच्या दिवशी आश्रुबा कड्याच्या बाजूला, तळ्याच्या कडेनं जपून गेला. तिथं लाटेबरोबर येऊन पडलेला बर्फाचा तुकडा होता. काचेसारखा, आत बारीक बुडबुडे. मॅडम म्हणाल्या, हे हिम पडलं त्याला दोन-तीनशे वर्षं तरी झाली असतील. त्यानं फोडून तुकडे बाटलीत भरले.

उमापुरात हॉटेलावर भारतनं मोबाइलवरचे फोटो दाखवले. "कपिलधारच्या धबधब्याचा कडा एकावर एक चार डाव ठिवला तरी बुडंल, येवढा बर्फ हाय," तो सांगत होता. कुणीतरी म्हणालं, "आन् त्यातलं पानी सोडून आलाव? हिकडं तरी धाडायचं." सगळे हसले. आश्रुबाही हसला.

घरी मंजुळाबाईला त्यानं बाटली दिली. पाणीच होतं आता. ते कधीचं आहे हे त्यानं सांगितलं, तेव्हा तिनं हात धुतले. देवापुढं बाटली ठेवली आणि मग शेजारच्या बायकांना हाक मारली. तळहातावर तीर्थासारखं थोडं थोडं दिलं. भामाबाई नावाची म्हातारी चाखून म्हणाली, "काईच चव न्हाई गं." मंजुळाबाई म्हणाली, "तवा कुनी त्यात काई मिसळलंच नसंल." उरलेला घोट तिनं आश्रुबाला दिला.

"अजून किती साल ऱ्हाईल त्यो बर्फ?" बायका गेल्यावर तिनं विचारलं.

"मॅडमला इचारलं हुतं. म्हनल्या, आपल्या नातवंडास्नी दिसंल. त्याच्या म्होरलं त्यास्नी बी सांगता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी नळ आला. आठवड्यातून एकदा यायचा. मंजुळाबाईनं हंडे भरले, कळश्या भरल्या, बादल्या, पातेली, चहाचं भांडं, पेले, सगळं भरून ठेवलं. आश्रुबा एकेक भांडं आत नेत होता. शेवटी ओट्यावर ती बाटली उरली. त्यानं ती उचलून नळाखाली धरायला हात पुढं केला.

मंजुळाबाईनं त्याच्या हातातून ती हळूच काढून घेतली, पदरानं पुसली, आणि रिकामीच फळीवर ठेवली.